ऑटोमॅटिक गाडी, बॅटरी संपलेली, गिअर 'पी'मध्ये: तळघरातून वर कशी काढू?

धरमपेठकर

बाबांच्या गाडीचा प्रश्न आहे, थोडा घाईचा.

जानेवारीत बाबांची बायपास झाली. तेव्हापासून गाडी आमच्या इमारतीच्या तळघरात एकाच जागी उभी आहे. मी पुण्याहून आले आहे. मॅन्युअल गाडी वर्षानुवर्षं चालवते, पण ऑटोमॅटिकला कधी हात लावलेला नाही. काल किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर एक दिवा लागला नाही, साधा टकटक आवाजही नाही. गिअरचा दांडा 'पी'वर आहे आणि ब्रेक दाबून ओढला तरी जागचा हलत नाही. हँडब्रेकही ओढलेला आहे. गाडीचं तोंड भिंतीकडे, दोन्ही बाजूंना खांब, आणि बाहेर पडायचा रॅम्प चांगलाच चढा.

सोसायटीला तळघर रिकामं हवं आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला इथे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमचंही तळघर भरलं होतं. आता पावसाळ्याआधी तिथे पंपासाठी टाकी खोदायची आणि भिंतींचं वॉटरप्रूफिंग करायचं ठरलंय. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत गाड्या काढा, असं पत्र आलं आहे.

कोपऱ्यावरच्या क्रेनवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, न्यूट्रल करतो, दोरी बांधतो, वर्धा रोडच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत ओढत नेऊन देतो. कायले घाबरता?" बाबा मात्र पलंगावरून एकच सांगतात, ऑटोमॅटिक ओढायची नसते. का, ते त्यांना नीट सांगता येत नाही आणि मी जास्त विचारून त्यांना त्रास देत नाही.

इंजिन बंद असताना 'पी'तून बाहेर कशी काढायची, आणि ओढली तर नेमकं काय बिघडतं, हे कोणी सांगेल का? गाडी पेट्रोल आहे, दांड्याजवळ पी, आर, एन, डी, एस अशी अक्षरं आहेत. गाडी किल्लीने सुरू होते, बटणाची नाही.

मनीषनगर_जंपर

ताई, आधी जंप देऊन पाहा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरीने करंट घ्या. नागपूरच्या उन्हाने बॅटऱ्या तशाही लवकर जातात, त्यात चार महिने उभी गाडी. लाल वायर आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी वायर चालू गाडीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीवर थेट लावू नका, ठिणगी उडते. चालू गाडी पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा, मग किल्ली फिरवा. इंजिन लागलं तर क्रेनचा प्रश्नच संपला.

गिअरबॉक्स_वाडी

ताई, तुमचे बाबा बरोबर सांगून राहिले. त्या क्रेनवाल्याला आजच नाही म्हणा.

मी वाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायचे काम करतो. माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्यांचा गिअरबॉक्स धडधाकट होता. बॅटरी गेली होती, नाही तर फ्युएल पंप. ओढत आणली आणि गिअरबॉक्स गेला. मालकाला सांगताना फार वाईट वाटते, कारण बॅटरीचा खर्च काही हजारांचा आणि हा लाखाच्या घरात जातो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत तेलाचा एक पंप असतो. हा पंप इंजिन फिरवते, चाके नाही. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारे भांडे, ज्या गाडीत असते तिथे ते भांडेच त्या पंपाला फिरवते, आणि भांडे इंजिनला बोल्टने जोडलेले. इंजिन बंद, तर पंप बंद. पंप बंद, तर सगळे तेल खाली पॅनमध्ये पडून राहते.

आता 'एन'. लोकांना वाटते 'एन'मध्ये टाकले की गिअरबॉक्स मोकळा झाला. तो इंजिनकडून मोकळा होतो. चाकांकडून तो जोडलेलाच असतो. पुढची चाके रस्त्यावर फिरली की त्यांच्यासोबत डिफरन्शियल, शाफ्ट, आतले गिअर, त्यांचे बुश, सगळे फिरत राहते, तेही तेलाशिवाय. दहा-वीस फूट ढकलली तर काही होत नाही, आत तेलाची ओल असते. वर्धा रोडपर्यंत नेली तर बुश तापतात, धातू धातूला घासतो, आणि त्याचा चुरा पुढे व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या भागात, जाऊन बसतो.

मॅन्युअलमध्ये तसे नाही. तिथे गिअर तेलात बुडलेले असतात आणि फिरताना स्वतःच तेल उडवतात. म्हणून मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये ओढली तर चालते. क्रेनवाल्यांनी आयुष्यभर तेच केले आहे. त्यांची नियत वाईट नसते, पण गाड्या बदलल्या.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे ते सर्व्हिसच्या जुन्या बिलावर पाहा. 'सीव्हीटी फ्लुइड' लिहिले असेल तर दुप्पट जपा. सीव्हीटीत दोन पुली आणि मध्ये बारीक स्टीलच्या पत्र्यांचा पट्टा असतो. पुली त्या पट्ट्याला तेलाच्या दाबाने चिमटून धरते. इंजिन बंद म्हणजे दाब नाही, आणि चाके एक पुली फिरवत राहतात. पट्टा सरकतो, पुलीवर ओरखडे पडतात. मग गाडी चालते, पण सिग्नलवरून उठताना थरथरते, आणि मालक सहा महिन्यांनी येऊन विचारतो की हे कशाने झाले.

आता 'पी'. 'पी'मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक खिट्टी दातेरी चाकात जाऊन बसते. दांडा हलू नये म्हणून वर एक विजेचे कुलूप असते. ब्रेक दाबला की ते उघडते, पण त्याला करंट लागतो. तुमची बॅटरी मेली म्हणून ते उघडत नाही, दांडा खराब नाही. जोर लावू नका, केबल तुटते.

दांड्याच्या बाजूला प्लास्टिकची एक छोटी झाकणी शोधा, बहुतेक गाड्यांत असते. पेचकसच्या टोकाला कापड गुंडाळून ती उचला. आत खाच दिसेल. हँडब्रेक लागलेला असू द्या, किल्ली 'ऑन'वर ठेवा म्हणजे स्टिअरिंगही सुटते, ब्रेक दाबून धरा, खाचेत पेचकस खाली दाबा आणि दांडा 'एन'वर आणा. दोन माणसे लागतील. हे करताना गाडीसमोर, भिंतीच्या बाजूला कोणाला उभे करू नका.

आणि जंप द्यायची तर एक विनंती. इंजिन लागले तर तळघरात चालू ठेवून गप्पा मारू नका. बंद जागेत धूर साचतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. लगेच वर घ्या.

धरमपेठकर

भाऊ, इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, मी सांगत होतो."

बिल सापडलं. सीव्हीटी फ्लुइडच लिहिलंय. दांड्याच्या उजवीकडे झाकणीही आहे. पण एक भीती आहे. समजा 'एन' झाली, तर त्या रॅम्पवरून वर कशी न्यायची? सोसायटीची चार-पाच मुलं ढकलायला तयार आहेत.

गिअरबॉक्स_वाडी

रॅम्पवर माणसांनी ढकलायची नाही. अजिबात नाही. इंजिन बंद असले की ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मिळत नाही. पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागल्यासारखा वाटतो, नंतर पेडल दगड होते. टनभर वजनाची गाडी, चढ, मागे मुले. मुलांना सपाटीवर गाडी खांबांतून मागे घ्यायला बोलवा, तेवढेच.

फ्लॅटबेड मागवा, म्हणजे ज्याच्या पाठीवर पूर्ण गाडी चढते तो ट्रक. तो तुमच्या तळघरात मावणार नाही, पण रॅम्पच्या वर उभा राहून विंचने, म्हणजे ट्रकवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढू शकतो. विंच माणसाच्या चालीपेक्षा हळू ओढते आणि अंतर थोडे, त्यामुळे 'एन'मध्ये तेवढे चालते. आत बसणाऱ्याने किल्ली 'ऑन' ठेवायची, हात हँडब्रेकवर. हँडब्रेक केबलचा आहे, त्याला इंजिन लागत नाही. एक माणूस बाजूने चालत जाऊन मागच्या चाकाला दगड सरकवत राहील. गाडीच्या सरळ मागे कोणी नको.

हुक कुठे लावतात ते स्वतः पाहा. डिकीत जॅक आणि पान्यासोबत एक लोखंडी कडी असते, ती बंपरवरच्या छोट्या झाकणामागे पेचाने बसते. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणून बसत नाही म्हणून सोडून देऊ नका, उलटी फिरवून पाहा. घाईत लोक खाली सस्पेन्शनच्या आर्मला हुक घालतात आणि आर्म वाकतो.

समजा 'एन' झालीच नाही, तरी रस्ता आहे. तुमच्या गाडीत जोर पुढच्या चाकांना जातो, म्हणून 'पी' फक्त पुढची चाके धरते. मागची फक्त हँडब्रेकने धरलेली. पुढच्या दोन चाकांखाली छोट्या चाकांच्या ट्रॉल्या घातल्या आणि हँडब्रेक सोडला की गाडी 'पी'मध्ये असूनही सरकते. चांगल्या टोइंगवाल्याकडे ट्रॉल्या असतात, फोनवरच विचारून घ्या.

हिंगणारोड_पुस्तकवाला

जरा थांबा. माझ्या ऑटोमॅटिक गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलंय की 'एन'मध्ये ठरावीक वेग आणि ठरावीक किलोमीटरच्या आत ओढता येते. कंपनीनेच परवानगी दिली असेल तर सगळ्यांना सरसकट घाबरवणं बरोबर नाही.

गिअरबॉक्स_वाडी

तुम्ही पुस्तक वाचता हे फार चांगले आहे, आणि तुमचे म्हणणे खोटे नाही. काही टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांना कंपनी थोडे अंतर, कमी वेगाने, चारही चाके जमिनीवर ठेवून ओढायची मुभा देते. काहींत तर आधी इंजिन चालू करून 'डी'त घ्या, मग 'एन'मध्ये आणा, मग बंद करा असा क्रम दिलेला असतो, म्हणजे आत तेल फिरून जागेवर पोचते. पण त्यासाठी इंजिन चालू व्हायला पाहिजे. ताईंच्या गाडीत दिवासुद्धा लागत नाही.

आणि तुमच्या गाडीचे पुस्तक तुमच्याच गाडीचे. बऱ्याच सीव्हीटी गाड्यांच्या पुस्तकात पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढू नका असेच लिहिलेले असते. जे आपल्या पुस्तकात आहे ते करायचे. पुस्तक हाताशी नसेल तर ज्या चाकांना इंजिनचा जोर जातो ती जमिनीवर नकोत, एवढे धरून चालायचे. पुढच्या चाकांना जोर असेल तर पुढून उचला. मागच्या चाकांना असेल, जशी इनोव्हा क्रिस्टा, तर मागून उचला किंवा फ्लॅटबेड. चारही चाकांना असेल तर फ्लॅटबेडशिवाय काही नाही.

बेसा_एएमटी

माझ्या गाडीत 'पी'च नाही. एन, आर, डी आणि 'एम' आहे. मी गिअरमध्ये ठेवूनच बंद करते. बॅटरी गेली तर मी काय करू? मला तर वाचून टेन्शन आलंय.

गिअरबॉक्स_वाडी

ताई, तुमची एएमटी आहे. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, क्लच आणि गिअर फक्त यंत्र टाकते. तेलाची वर सांगितलेली अडचण तुम्हाला नाही, 'एन'मध्ये असेल तर ती मॅन्युअलसारखीच. तुमची अडचण वेगळी आहे. तुमचा दांडा हा फक्त एक स्विच आहे. गाडी गिअरमध्ये बंद केली आणि बॅटरी मेली, तर दांडा 'एन'वर नेऊनही आतला गिअर सुटत नाही, कारण तो सोडायलाही करंट पाहिजे. गिअरमध्ये अडकलेली गाडी ढकलायला जाल तर इंजिनच फिरवावे लागेल. मग करंट द्या, पॉवर पॅकने, म्हणजे हातात नेता येणाऱ्या जंप-बॅटरीने, दिला तरी चालतो, किल्ली 'ऑन' करून ब्रेक दाबा आणि 'एन'वर न्या. नाही तर पुढची चाके उचलून न्या.

आणि कोणी म्हणाले की धक्का मारून सुरू करू, तर एएमटीलाही नाही आणि बाकी ऑटोमॅटिकलाही नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत तेलाचा दाब नसेल तर क्लच पकडतच नाही, चाके कितीही फिरवा, इंजिनपर्यंत काही पोचत नाही. फार जुन्या काही अमेरिकी ऑटोमॅटिक गाड्यांत चाकांकडून फिरणारा दुसरा पंप असायचा, त्या धक्क्याने लागायच्या. आता तो पंप नसतो.

वर्धमाननगर_ईव्ही

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी एक ओळ. आमच्या गाडीत मोटर चाकांना कायम जोडलेली असते. ओढली की तीच जनरेटर होते आणि बंद गाडीत नको तिथे व्होल्टेज तयार होतं. आम्हाला फ्लॅटबेडच. आणि मोठी बॅटरी भरलेली असली तरी बारा व्होल्टची छोटी बॅटरी मेली तर गाडी तितकीच मुकी होते.

कॉर्पोरेशनकॉलनी_काका

बेटा, तुमच्या तळघरात पाणी येते म्हणून सांगतो. त्या सप्टेंबरच्या पहाटे आमच्या गल्लीत गाड्या सीटपर्यंत बुडल्या होत्या. पाणी उतरल्यावर पुष्कळांनी पहिले काम काय केले, तर किल्ली फिरवून पाहिली. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेले होते. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी किल्लीला हात लावला नाही, बॅटरीची मायनस वायर काढली आणि आधी विमावाल्याला फोटो पाठवले, त्यांचे इंजिन वाचले. जंपसुद्धा द्यायचा नाही.

गिअरबॉक्सलाही वर एक श्वासाची नळी असते, तिच्यातून पाणी आत जाते. आमच्या गाडीचे तेल काढले तर ते दुधाच्या चहासारखे निघाले. अशा तेलात इंजिन चालू करून गिअर टाकला असता तर आतल्या क्लचच्या प्लेटा गेल्या असत्या. गाडी फ्लॅटबेडवर नेली, तेल बदलले, दोनदा धुतले, मग सुरू केली. त्या आठवड्यात फ्लॅटबेड मिळत नव्हता, पुष्कळ थांबावे लागले. पण थांबलो.

गिअरबॉक्स_वाडी

काकांचे शब्द प्रत्येक तळघरवाल्याने लक्षात ठेवावे. ताई, तुमची गाडी तेव्हा पाण्यात होती का?

धरमपेठकर

नाही. तेव्हा बाबा गाडी घेऊन अकोल्याला लग्नाला गेले होते. काका, हे ऐकून अंगावर काटा आला.

धरमपेठकर

गाडी वर आली. सगळ्यांना कळवायचं होतं.

शेजारच्या काकांनी पॉवर पॅक आणला. डॅशबोर्ड क्षणभर उजळला आणि पुन्हा विझला. इंजिन काही फिरलं नाही, म्हणून जंपचा नाद सोडला. झाकणी उचलून पेचकस दाबला तर दांडा लोण्यासारखा 'एन'वर आला. तरी गाडी हलेना. हँडब्रेक खाली केला होता, पण मागचं डावं चाक पकडलेलं होतं. वॉचमनदादांनी चाकाच्या ड्रमवर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलके ठोके दिले, टक करून सुटलं. मग चौघांनी मिळून खांबांमधून मागे घेतली.

फ्लॅटबेडवाल्याने खाली वाकून आर्मलाच हुक लावायला घेतला होता. मी कडी काढून दिली. ती खरंच उलट्या आट्यांची निघाली. तो म्हणाला, "वेळ जाते ताई," मी म्हटलं, जाऊ द्या. रॅम्पवर मी स्वतः आत बसले, हात हँडब्रेकवर, वॉचमनदादा दगड घेऊन बाजूने. विंच थांबली तिथे एकदा ब्रेक दाबून पाहिला, खरंच दोन्ही पाय लावावे लागले. वर आल्यावर चारही चाकं बांधून पाठीवर घेतली.

सर्व्हिस सेंटरला नवी बॅटरी घातली, लगेच सुरू झाली. त्यांनी चालवून पाहिली, गिअरबॉक्सला काही नाही. फोन केला तर बाबांनी बॅटरीचं विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "चाकं रस्त्यावर टेकली नाहीत ना?"

आता प्रश्न पुढचा. बाबा अजून दोन-तीन महिने चालवणार नाहीत आणि मी पुढच्या आठवड्यात परत जाते. गाडी वर आवारात राहील. काय करून ठेवू?

गिअरबॉक्स_वाडी

बाबांना माझा नमस्कार सांगा. लवकर बरे होऊन स्वतः चालवोत.

जागा सपाट असेल तर 'पी'मध्ये ठेवा, हँडब्रेक सोडून द्या आणि चाकांना पुढे-मागे दगड लावा. चार महिने ओढलेला राहिला म्हणूनच ते डावे चाक धरले होते, पावसाळ्याच्या दमट हवेत आणखी घट्ट धरेल. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा.

पंधरा दिवसांतून एकदा कोणी विश्वासू माणूस गाडी बाहेर काढून अर्धा तास चालवू शकत असेल तर सगळ्यात चांगले. नुसते जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करू नका. तेवढ्याने बॅटरी नीट भरत नाही. कोणीच नसेल तर मायनस वायर काढून ठेवा. पण वायर काढली की 'पी'चे कुलूपही उघडणार नाही, म्हणून ती झाकणी कुठे आहे हे वॉचमनदादांना दाखवून जा. आणि लोखंडी कडी डिकीतच राहू द्या, घरात नेऊन ठेवू नका.